पुण्यातच राहू की नागपूरला, महाल भागातल्या घरी परत येऊ? (गूगल आठ दिवसांपासून बंद)

महालची_पोरगी
वय 34, पुण्यात नऊ वर्षं झाली. नागपूरच्याच मिहान उद्योग क्षेत्रातल्या एका कंपनीची ऑफर आहे, पगार आत्तापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी. बाबा महालातल्या घरी एकटे. आईला जाऊन दोन वर्षं होतील.

महिनाभर रोज रात्री सर्च करून राहिली होती. परवा हिस्टरी पुसायला बसले, पण पुसायच्या आधी वाचली. सुरुवातीला सगळं पैशाचं. मग महालाजवळच्या चितार ओळीहून मिहानजवळच्या खापरीपर्यंत मेट्रोनं किती वेळ, सीताबर्डीला गाडी बदलायची तर किती थांबावं लागतं. आणि गेल्या आठवड्यात रात्री अडीचला टाकलेलं: 'वडील फोनवर कमी का बोलतात'. हे मी कोणाला विचारत होते बाप्पा!

दुसरी गंमत म्हणजे 'गावी परतल्याचे फायदे' टाकलं की सगळे सुखी, 'गावी परतल्याचा पश्चात्ताप' टाकलं की सगळे रडून राहिले. म्हणून बंद केलं. पण स्वतःला विचारायचं म्हणजे नेमकं काय करायचं? डोळे मिटले की ईएमआयच दिसतो.

काटोलवाला
ताई, मनाचं ऐकाच, पण आधी माझं ऐका. मनाले पटलं म्हणून मी कोणाले न विचारता 3 एकर संत्र्याचा बगीचा घेतला. मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडाले ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, मग पाऊस पडला की फुलं येतात. पाऊस लांबला अन् बोअरनं हात वर केले. पाणी किती फुटांवर हाय, हे माह्या मनाले काय ठाऊक? बाजूच्या धुऱ्यावाल्याले एक डाव विचारलं असतं तरी भागलं असतं. पीएफ, नोटीस पिरियड, हे शोधाच. त्यात लाजायचं काय?

धरमपेठचे_काका
निवृत्त मास्तर आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो. 1772 साली जोसेफ प्रिस्टली या शास्त्रज्ञाला असाच पेच पडला होता: लॉर्ड शेलबर्नकडची नोकरी धरावी का, बिऱ्हाड हलवावं का. त्यानं बेंजामिन फ्रँकलिनला विचारलं. उत्तर आलं की काय ठरवावं ते सांगता येत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. कागदाचे दोन भाग करायचे, एकीकडे बाजूच्या गोष्टी, दुसरीकडे विरुद्धच्या. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहायचं. मग दोन्हीकडच्या सारख्या वजनाच्या गोष्टी खोडत जायचं, आणि उरेल ते बघायचं. प्रिस्टलीनं पुढे नोकरी धरली.

मी स्वेच्छानिवृत्तीच्या वेळी हे करून पाहिलं. आमच्या हिला वाटलं मृत्युपत्र लिहून राहिलो. एका बाजूला तब्येत, नातू, सकाळचं अंबाझरीवर फिरणं. दुसऱ्या बाजूला एकच ओळ, 'वर्गात शिरल्यावर पोरं उभी राहतात'. ती काही केल्या खोडवेना. आणखी तीन वर्षं शिकवलं.

वर्धा_रोड
एवढं सगळं लिहिलं ताई, पण बाबांना विचारलं का?

महालची_पोरगी
@वर्धा_रोड, नव्हतं विचारलं. तुमचं वाचून अर्धा तास गप्प बसले होते.

काका, कागद केला. ईएमआय अन् पगार यांनी मिळून दुसऱ्या बाजूच्या एका ओळीशी बरोबरी केली, तिन्ही खोडले. 'आईशिवायच्या त्या घरात राहणं' ही ओळ मात्र आधी डावीकडे लिहिली होती, दुसऱ्या दिवशी उजवीकडे नेली, आता मध्येच आहे.

काल रात्री फोन केला. म्हटलं, बाबा, मी आले तर? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागच्या खोलीतल्या कूलरची खस बदलावी लागेल. दोन वर्षं लावलाच नाही."

मिहानवाल्यांकडे गुरुवारपर्यंतची मुदत मागितली आहे.