लांब दांड्याची नवी शस्त्रं आणायची तर नुसती नावं नकोत

टिळकवाडीचा डीएम (धागाकर्ता)
आमच्या रविवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये (फासे टाकून, गोष्ट रचत खेळायचा खेळ) मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. त्यात मी बिल आणि विटा अशी दोन लांब दांड्याची शस्त्रं नवीन आणली. त्यावरून गटात कडाक्याचं भांडण झालं, म्हणून हा धागा.

या खेळाच्या २०१४ च्या नियमांत ग्लेव्ह आणि हॅलबर्ड ही दांड्याची शस्त्रं शेजारी ठेवून बघा. दोघांना इजेसाठी दहा बाजूंचा फासा, १० फुटांची पोच, ६ पौंड वजन, २० सोन्याची नाणी. काडीचाही फरक नाही! ग्लेव्ह म्हणजे दांड्यावर बसवलेलं लांब पातं. हॅलबर्डला पुढं कुऱ्हाड, वर टोक, मागं आकडा, आणि त्या आकड्यानं घोडेस्वाराला खाली ओढायचे. ती ओढ खेळात हवीच.

बिल मुळात शेतातलं हत्यार. आपल्याकडं बांबूला विळा बांधून शेवग्याच्या शेंगा काढतात ना, आधी अडकवायचं, मग हिसका द्यायचा, तसंच. १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत इंग्रजांच्या याच बिलांनी स्कॉटिश लांब भाल्यांची फळी मोडली. माझा नियम: वार बसला की शत्रू ५ फूट जवळ ओढायचा.

विटा आपला मराठ्यांचा, दोरी बांधलेला भाला. २० फूट फेकायचा, बोनस ॲक्शननं (त्याच पाळीतल्या छोट्या जादा कृतीनं) परत ओढायचा.

निपाणीकर
मला हे अजिबात पटलेलं नाही. २०२४ च्या नियमांत फरक आलाय की. ग्लेव्हचा वार चुकला तरी थोडी इजा होते, हॅलबर्डचा वार शेजारच्यालाही लागतो. आणखी किती हवंय? याच खेळाच्या १९७८ च्या पुस्तकात डझनाच्या वर दांड्याची शस्त्रं होती, प्रत्येकाला चिलखतागणिक वेगळे आकडे. ते तक्ते कित्येक टेबलांवर कुणी उघडलेसुद्धा नाहीत. आमच्यात सहा जण खेळतात, एकेकाची पाळी यायला आत्ताच दहा मिनिटं लागतात. आकडे हॅलबर्डचेच ठेवा, वर्णनात बिल म्हणा.

टिळकवाडीचा डीएम
वर्णनानं शत्रू जागचा हलत नाही हो. दरीच्या काठावर ओग्र (धिप्पाड राक्षस) उभा असताना त्याला ओढता येतं की नाही, यावर खेळणाऱ्याचा सगळा डाव ठरतो. आणि २०२४ मध्येही हॅलबर्डचा तो मागचा, ओढायचा आकडा रिकामाच राहिलाय.

खानापूरचा मर्दानी गडी
बिलाला माझा पाठिंबा, विट्याला विरोध. तालमीत मी विटा फेकलाय. दोरीचा फास मनगटाला असतो. मोकळा पडला तर सरसर परत येतो. मऊ मातीत टोक रुतलं की पहिला हिसका आपल्याच मनगटाला बसतो, फास काचून कातडी सोलते. तुमच्या नियमात वार बसला तरी विटा फुकटात परत येतोय. शत्रूच्या अंगात रुतलेला भाला असा येतो होय? वार बसला तर ताकदीचा फासा टाकायला लावा, फेकणारा हरला तर दोरी शत्रूच्या हातात.

निपाणीकर
बघा, म्हणजे एका भाल्यापायी आणखी एक फासा!

टिळकवाडीचा डीएम
खानापूरकर, तुमचं बरोबर आहे. विट्याला तो फासा या रविवारपासून लागू. निपाणीकर, बिल मी काढणार नाही.