दोन हजारांच्या आतली चांगली रेड वाइन : अनुभव लिहा

तापीकाठ
आपल्याकडे पाटीवर ‘वाइन शॉप’ लिहिलेलं असतं आणि आत वाइन सोडून सगळं असतं. जळगाव-धुळ्याकडे व्हिस्कीच्या भिंतीशेजारी वाइनला एखादा खण मिळतो, त्यातही निम्म्या बाटल्या पोर्टच्या. तरी त्या खणात आणि नाशिक-पुण्याहून मागवताना बरंच काही हाती लागू शकतं. म्हणून हा धागा. कुणाच्या लग्नात कोण किती प्यालं, ते इथे नको. द्राक्ष, भाग, लेबल, तापमान आणि फसगत कुठे होते, एवढंच लिहा.

सुरुवात मी करते. दुकानात ‘रेड वाइन द्या’ म्हटलं की पोर्ट पुढे येते. पोर्तुगालमधली खरी पोर्ट म्हणजे रस आंबत असतानाच द्राक्षाचं स्पिरिट ओतून आंबणं थांबवलेली गोड वाइन, अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे त्या नावाने मिळते ती बहुतेक नुसती गोड रेड. जेवणासोबत हवी असेल तर ‘ड्राय रेड’ असंच मागा, आणि मागच्या लेबलवर द्राक्षाचं नाव आहे का ते बघा. देशी बाटलीवर नाव नसेल तर खणात परत ठेवा.

हिशेबी_धुळेकर
स्वस्त म्हणजे काय, ते आधी ठरवू. विदेशी वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क धरा. बंदरावर ५०० रुपयांना आलेली बाटली तिथेच १२५० ची होते. पुढे राज्याचं शुल्क, आयातदार, वितरक आणि दुकानदार. म्हणजे दोन हजारांच्या विदेशी बाटलीत दारू फार तर पाचशेची असते, आणि पाचशेत कुठला देश जास्त देतो एवढाच प्रश्न उरतो. फ्रान्समधलं बोर्दो आणि बरगंडी, अमेरिकेतलं नापा या नावांचेच पैसे लागतात, तिथली स्वस्त बाटली बहुधा पाणचट निघते.

ऑस्ट्रेलियाशी २०२२ च्या डिसेंबरात करार लागू झाला. बाटलीची आयात किंमत किमान ५ डॉलर असेल तर शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं, पुढे दहा वर्षांत ५० पर्यंत उतरायचं आहे. १५ डॉलरच्या वरच्या बाटलीला सवलत आणखी मोठी. म्हणजे त्यांच्या अगदी तळाच्या मालाला यात काही नाही, मधल्या किमतीच्या शिराजला (तिथल्या द्राक्षाचं नाव) आहे.

विमानतळावरून आणताना माणशी २ लिटरची सूट. ७५० मिलीच्या दोनच बाटल्या बसतात, तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात. सेंधव्याहून किंवा बऱ्हाणपूरहून गाडीत टाकून आणायचं मात्र डोक्यातून काढा, राज्याची हद्द ओलांडली की तो गुन्हा आहे.

लेबलवाचक
स्पेनच्या रिओहात ‘क्रिआन्सा’ला कायद्याचा अर्थ आहे : दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. ‘रेसेर्वा’ तीन वर्षं. हे शब्द तिथे भरवशाचे. पण ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत किंवा आपल्याकडे ‘रिझर्व्ह’ लिहायला कुणाची हरकत नाही. फ्रेंच ‘व्हिएय व्हीन्य’ म्हणजे जुन्या वेली; किती जुन्या, ते कायदा सांगत नाही.

इटलीत एक नेहमीचा घोटाळा आहे. ‘मोन्तेपुल्चानो द’अब्रुझ्झो’ मधलं मोन्तेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव, आणि ही वाइन स्वस्त, रसाळ, रोजची. ‘व्हिनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो’ मधलं मोन्तेपुल्चानो हे गावाचं नाव. आत द्राक्ष मुख्यतः सांजोव्हेजे, किंमत वेगळी. आपल्या बजेटला पहिली.

साल बघताना एक ध्यानात ठेवा. चिली, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिकेत तोडणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबर. त्यामुळे एकाच सालची दक्षिणेकडची बाटली सहा महिन्यांनी मोठी. स्वस्त रेड मुरवायची नसते, तोडणीपासून तीन वर्षांत संपवायची. पाच वर्षांची धूळ बसलेली स्वस्त बाटली जुनी म्हणून भारी नाही, फक्त विकली गेलेली नाही.

गार्नाचा_गँग
माझी यादी, आवडीच्या क्रमाने. स्पेनची गार्नाचा (हे द्राक्षाचं नाव), कालातायुद किंवा काम्पो दे बोर्हा इथली : मऊ, लाल फळांची, तोंडात ओढ कमी. हुमिया भागातली मोनास्त्रेल : काळी, जाड, मटणाला. पोर्तुगालच्या दोउरोची ड्राय रेड : पोर्टचीच द्राक्षं, पण गोडवा नाही. माझ्या मते जगातला सगळ्यात दुर्लक्षित सौदा हाच. दक्षिण फ्रान्समधली कोर्बिएर आणि मिनर्व्हवा, सिसिलीची नेरो दाव्होला, अर्जेंटिनातल्या मेन्दोसाचा माल्बेक. माल्बेक पंधरा टक्के अल्कोहोलच्या जवळ गेलेला घेऊ नका, जॅम लागतो.

चिलीच्या कारमेनेरबद्दल थोडं जास्त. हे मूळचं बोर्दोचं द्राक्ष, तिथून जवळपास नाहीसं झालेलं. चिलीत ते मर्लो हे दुसरं द्राक्ष समजून लावलं जात होतं. १९९४ मध्ये फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ बुर्सिको यांनी वेलीवर ओळखलं. नीट पिकलं नाही तर कापलेल्या ढोबळी मिरचीचा वास मारतं. लोक याला दोष म्हणतात. थोडा असेल तर मी म्हणत नाही, कारण भरीत. खाली कुणीतरी लिहीलच.

रावेरची_केळी
वाइनमधला केळीचा वास आपल्याला कुणी शिकवायला नको. रायपनिंग चेंबरचं दार उघडल्यावर येतो तोच वास, त्याचं रसायन आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. फ्रान्सच्या बोजोले नूव्होत तो ठळक असतो, कारण तिथे न फोडलेले घड कार्बन डायऑक्साइडखाली आंबवतात. दक्षिण आफ्रिकेच्या पिनोताजमध्येही कधी येतो. ते द्राक्ष १९२५ मध्ये पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सँसो यांच्या संकरातून केलं. हा वास ताज्या, हलक्या वाइनचा आहे. तीन वर्षांच्या बाटलीत शोधू नका, तोवर उडून गेलेला असतो.

भुसावळ_४६_अंश
वरचं सगळं खरं, पण मे महिन्यात आमच्याकडे द्राक्षापेक्षा तापमान मोठं. ‘रेड रूम टेंपरेचरला प्यावी’ हे युरोपातल्या गार दगडी घरांचं वाक्य आहे. तिथली खोली १६-१८ अंश, आपली ३८. ३८ ला अल्कोहोल नाकात जातं, फळ मरतं, आणि चांगल्या बाटलीला लोक नावं ठेवतात.

हलकी रेड १३-१४ अंशांना, जड रेड १६-१८ ला. ३५ अंशांची बाटली फ्रिजमध्ये १६ वर यायला अडीच-तीन तास लागतात. ‘अर्धा तास ठेवा’ हा सल्ला आपल्याकडे चालत नाही. तेवढा वेळ आधी ठेवा; सकाळीच ठेवली असेल तर प्यायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढा. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, मूठभर मीठ, बाटली मानेपर्यंत बुडवून पंधरा मिनिटं. नुसत्या बर्फात ठेवू नका. खडे चारच ठिकाणी टेकतात, मधली हवा उष्णता नीट ओढून घेत नाही.

दुकानात बघायचं ते असं. बूच काचेच्या कडेपेक्षा वर उचललेलं आहे का, आवरणाखाली चिकट ओघळ आहे का, मानेतली पातळी खाली गेली आहे का. तिन्हींचा अर्थ बहुधा एकच : बाटली कुठेतरी शिजली. अशा वाइनला मनुक्याचा, उकळलेल्या फळाचा वास येतो. काचेच्या शोकेसमधली, पश्चिमेच्या उन्हातली बाटली अर्ध्या किमतीतही नको. उन्हाळ्यात स्क्रू कॅप बरी. ती स्वस्तपणाची खूण नव्हे, तिच्यात बुचामुळे येणारा कुबट वास नसतो.

कूलरसमोर
भुसावळकरांना पुस्ती. फ्रिज भरलेला असेल तर बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळून कूलरच्या झोतात ठेवा. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तासा-दीड तासात पंचविशीकडे येते, मग बर्फाचं काम दहा मिनिटांचं. जुलैत हा उपाय विसरा, हवाच ओली असते.

बडगी
आता भरीत. वांगं आपलं हिरवं-पांढरं, पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळल्या काड्यांवर) भाजलेलं, हिरवी मिरची आणि लसूण घालून बडगीत (लाकडी भांड्यात) कुटलेलं. धूर, कच्ची मिरची, शेंगदाणे. यावर कारमेनेर चालते, कारण तिचा हिरवा वास मिरचीत मिसळून जातो. सिराहही (वरची शिराज हीच) चालते, तिच्या मिरीच्या वासाचा रेणू, रोटंडोन, मिरीतही हाच असतो.

शेवभाजीला मात्र बहुतेक जण चुकतात. तिखट रस्सा आहे म्हणून जड कॅबर्ने घेतात. टॅनिन (वाइनमधला तोंड ओढणारा तुरटपणा) आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात, आणि तर्रीचं तेल ती जिभेवर धरून ठेवतं. तिथे १३ टक्क्यांच्या आतली, कमी टॅनिनची, १३ अंशांना गार केलेली हवी : बोजोले किंवा सँसो. काळ्या मसाल्याच्या मटणाला उलट. मांसातली प्रथिनं टॅनिन बांधून घेतात, म्हणून मोनास्त्रेल किंवा दोउरो. खापरावरच्या पुरणपोळीला कुठलीच ड्राय रेड नाही. गोडापुढे ती आंबट लागते. तिथे तापीकाठ ताईंची पोर्ट काढा, खरी असेल तर.

लेबलवाचक
@बडगी, सहमत, फक्त ठेच्याला काही सुचवू नका. त्याला ताकच.

हिशेबी_धुळेकर
उरलेल्या बाटलीचं कुणी लिहिलं नाही. ७५० मिलीत १५० चे पाच ग्लास. दोघांना पाच संपत नाहीत, आणि अर्धी बाटली बाहेर ठेवली की आपल्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी सिरक्याच्या वाटेला. उघडल्याबरोबर, ग्लास भरायच्या आधी, ३७५ मिलीची स्वच्छ रिकामी बाटली काठोकाठ भरून झाकण लावा आणि फ्रिजमध्ये टाका. हवा कमी, म्हणून चार-पाच दिवस टिकते. अर्धी पिऊन मग उरलेली ओतली तर उपयोग अर्धाच, तोवर हवा लागलेली असते. रिकामी बाटली स्क्रू कॅपचीच जपून ठेवा, बूच काठोकाठ भरलेल्या बाटलीत बसत नाही.