नणंद सरोगेट होणार: बाळाचं रक्त कोणाचं, डीएनए कोणाचा, दाखल्यावर नाव कोणाचं?

येरळाकाठ (विटा)

नमस्कार. एका जोडप्याला सल्ला द्यायचा आहे, त्यासाठी नेमकी माहिती हवी आहे. बायको ३१ वर्षांची, नवरा ३५. पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भपिशवी काढावी लागली, बाळही वाचलं नाही. दोन्ही ओव्हरी शाबूत आहेत. नवऱ्याची सख्खी बहीण, वय २९, एका मुलाची आई, स्वतःहून सरोगेट व्हायला, म्हणजे त्यांचं बाळ आपल्या पोटात वाढवायला, तयार आहे. बीज भावजयीचं, शुक्रजंतू भावाचे. लग्न नात्यातलं आहे, नवऱ्याने सख्ख्या मामाची मुलगी केली आहे.

घरात तीन ठिकाणी घोडं अडलंय. सासूबाई म्हणतात, नऊ महिने लेकीच्या रक्तावर वाढलेलं मूल लेकीच्याच रक्ताचं होणार. नणंदेच्या नवऱ्याला भीती आहे की बाप म्हणून आपलं नाव लागेल आणि पुढे वारसाची भानगड होईल. आणि नणंदेचं मन मधेच फिरलं तर, ही भावजयीची धास्ती. डीएनए, कायदा आणि दवाखान्यातली रीत, तिन्ही अंगांनी सांगा.

लॅब-मिरज

भ्रूणात ४६ गुणसूत्रं असतात, २३ भावजयीच्या बीजातून आणि २३ भावाच्या शुक्रजंतूतून. भ्रूण नणंदेच्या पिशवीत ठेवण्याआधीच हे ठरलेलं असतं, पुढच्या नऊ महिन्यांत त्यात एकाही जनुकाची भर पडत नाही. मायटोकाँड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) डीएनए फक्त स्त्रीबीजातून येतो, म्हणजे तोही भावजयीकडचा.

रक्ताचं म्हणाल तर वारेत दोघांचं रक्त शेजारून वाहतं, एरवी मिसळत नाही. मधल्या पडद्यातून ऑक्सिजन, ग्लुकोज आणि आयजीजी जातीची प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) बाळाकडे जातात. थोड्या पेशीही इकडून तिकडे जातात, गर्भाच्या पेशी बाळंतिणीच्या अंगात कित्येक वर्षांनी सापडलेल्या आहेत, पण त्याने बाळाचा डीएनए बदलत नाही. नणंदेचं खाणंपिणं, शुगर, बीपी, मिश्री लावण्याची सवय याचा बाळाच्या वजनावर आणि वाढीवर परिणाम होतो, कोणतं जनुक किती काम करतं यावरही होऊ शकतो. त्यामुळे सासूबाईंना एकदम खोडून काढू नका. बाळाला वाढवण्यात लेकीचा वाटा मोठा आहे, फक्त तो डीएनएत उतरत नाही.

तुमच्या केसमधली खरी मेख नात्यातल्या लग्नात आहे. नणंद बाळाची आत्या, म्हणून दोघांचा सरासरी २५ टक्के डीएनए सारखा. शिवाय ती भावजयीची आतेबहीण, म्हणून वर साधारण सहा टक्के. हे साम्य गरोदरपणामुळे आलेलं नाही, तिने बाळ पोटात वाढवलं नसतं तरी तेवढंच असतं. पण उद्या कोणी फक्त बाळ आणि नणंद यांचे नमुने तपासले, तर बरेच मार्कर (डीएनएतल्या तपासायच्या ठरावीक जागा) जुळलेले पाहून घरात गैरसमज होईल. खऱ्या आईशी बाळ जवळपास प्रत्येक मार्करवर जुळतं, क्वचित एखादा बदल सोडला तर. आत्याशी काही ठिकाणी जुळतं, काही ठिकाणी तुटतं. म्हणून तपासणी करायचीच असेल तर बाळ, भाऊ, भावजय आणि नणंद, चौघांचे नमुने द्या आणि नात्यातलं लग्न असल्याचं लॅबला लेखी कळवा. शक्यतेचं गणित एरवी माणसं एकमेकांच्या नात्यातली नाहीत असं धरूनच मांडलेलं असतं.

थॅलेसेमिया आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांसाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी नवरा-बायकोची करा. नणंदेच्या रिपोर्टवरून बाळाबद्दल नक्की काही ठरवता येत नाही. नात्यातल्या लग्नात ही तपासणी भ्रूण तयार करण्याआधी व्हायला हवी.

वकील, कराड

सरोगसी (विनियमन) कायदा, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. कलम ८ प्रमाणे सरोगसीतून जन्मलेलं मूल कायद्याने इच्छुक जोडप्याचं जैविक मूल मानलं जातं आणि पोटच्या मुलाचे सगळे हक्क त्याला मिळतात. दत्तकविधान लागत नाही. ब्रिटनमध्ये जन्म देणारी बाईच आधी कायदेशीर आई ठरते आणि नंतर कोर्टाकडून आदेश घ्यावा लागतो, आपल्याकडे तसं नाही.

पण हे सगळं उभं आहे ते भ्रूण ठेवण्याआधीच्या कागदांवर. आधी जिल्हा वैद्यकीय मंडळाचा दाखला. त्यासाठी ऑपरेशनच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, काढलेल्या पिशवीचा हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा) रिपोर्ट आणि आताची सोनोग्राफी जोडा. जुन्या दवाखान्यातून हिस्टोपॅथॉलॉजीचा कागद मिळवण्यातच पुष्कळ वेळ जातो, तो आजच मागवा. मग जोडपं आणि नणंद यांनी मिळून प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आणि पालकत्व व ताब्याचा आदेश घ्यायचा. बाळ जन्मल्यावर हाच आदेश जन्माचं शपथपत्र म्हणून चालतो. नणंदेच्या नावे ३६ महिन्यांचा आरोग्यविमा हवा, त्यात गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची गुंतागुंत धरलेली पाहिजे. हे तिन्ही झाल्यावर सक्षम प्राधिकारी (या कायद्याखाली नेमलेले अधिकारी) आवश्यकता प्रमाणपत्र देतात. जोडप्याची आणि नणंदेची पात्रता प्रमाणपत्रं वेगळी. नणंदेच्या शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखलाही लागतो.

वयाची अट तिघांनाही बसते: पत्नी २३ ते ५०, पती २६ ते ५५, सरोगेट २५ ते ३५. सरोगेटचं लग्न झालेलं आणि स्वतःचं मूल असलं पाहिजे. आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं, त्यासाठी प्रयत्न जास्तीत जास्त तीन. सरोगेट नात्यातलीच हवी हा समज चुकीचा आहे, पण तिचं स्वतःचं बीज वापरायला सक्त मनाई आहे. आयव्हीएफ केंद्राला सरोगसीची स्वतंत्र नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहून घ्या.

दाजींची भीती निराधार नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११६ मुळे लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच धरलं जातं. म्हणूनच दंडाधिकाऱ्यांचा आदेश भ्रूण ठेवण्याआधीच हातात हवा. तो असला की बाळ भावाचं वारस, दाजींच्या सात-बाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

मन फिरण्याबद्दल: भ्रूण ठेवेपर्यंत नणंद केव्हाही संमती मागे घेऊ शकते. त्यानंतर बाळावर हक्क सांगता येत नाही, पण शरीर तिचं. तिच्या लेखी संमतीशिवाय आणि सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय गर्भपात करता येत नाही, आणि तो करायला कोणी भागही पाडू शकत नाही. जोडप्यालाही मागे हटता येत नाही. व्यंग निघालं, मुलगी झाली, जुळं झालं, कोणत्याही कारणाने बाळ नाकारणं कलम ७ ने बंद केलं आहे. घरातल्या बैठकीत हे कलम मोठ्याने वाचून दाखवा.

येरळाकाठ (विटा)

फार उपयोग झाला. दोन शंका. बाळंतपण सांगलीत करायचं तर वॉर्डात वेगळं काय सांगावं लागतं? आणि नणंदेला माहेरून दोन तोळे सोनं आणि दहा गुंठे द्यायचं सासरे म्हणतायत, ते चालेल का?

प्रसूती विभाग, सांगली

केस पेपरच्या पहिल्या पानावरच सरोगसी लिहायला लावा आणि भाऊ-भावजयीचे रक्तगट तिथेच नोंदवा. रक्तगटाचे नेहमीचे ठोकताळे इथे चुकतात. एरवी एबी गटाच्या आईला ओ गटाचं बाळ होत नाही, सरोगसीत होऊ शकतं. नोंद नसली की बाळ बदललं की काय म्हणून वॉर्डात गोंधळ उडतो. नणंद ओ गटाची आणि बाळ ए, बी किंवा एबी असेल तर काविळीवर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावं लागतं. बाळाला रक्त द्यायची वेळ आली तर क्रॉसमॅचला (रक्त जुळतं का या तपासणीला) आईचा नमुना म्हणून नणंदेचा द्या, भावजयीचा नाही. बाळाच्या अंगातली प्रतिपिंडं नणंदेकडून आलेली असतात.

नणंद आरएच निगेटिव्ह असेल तर भाऊ आणि भावजय दोघांचा आरएच पाहा. त्यातला एक जरी पॉझिटिव्ह असला तरी २८ व्या आठवड्यात ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डीचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत पुन्हा. दाजींचा गट इथे कामाचा नाही, पण सवयीने तोच विचारला जातो.

डबल मार्कर या गरोदरपणातल्या रक्ततपासणीच्या फॉर्मवर वय बीज देणाऱ्या बाईचं लिहायचं, तेही बीज काढलं त्या दिवशीचं. वजन मात्र नणंदेचं. इथे चूक झाली की डाऊन सिंड्रोमच्या धोक्याचा आकडाच चुकतो. एनआयपीटी (गरोदर बाईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएची तपासणी) करणार असाल तर सरोगसी असल्याचं लॅबला आधी सांगा, काही पद्धती बाईचा आणि बाळाचा निम्मा डीएनए सारखा धरून चालतात.

भ्रूण ठेवण्याच्या महिन्यात नणंद आणि दाजींनी संबंध टाळावेत, निदान डॉक्टर सांगतील तोवर. नैसर्गिक चक्रात भ्रूण ठेवत असतील तर तिचं स्वतःचं बीजही त्याच सुमारास सुटतं, आणि मग पोटातलं बाळ कोणाचं हा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

दूध पाजायचं की नाही हे आठव्या महिन्यातच ठरवा. थांबवायचं असेल तर डॉक्टर पहिल्याच दिवशी गोळी देतात, बीपी वाढलेलं असेल तर ती चालत नाही. आणि बाळ भावजयीकडे गेलं म्हणून नणंदेची बाळंतपणानंतरची तपासणी चुकवू नका. बाळंतीण तीच आहे.

जन्मनोंद २१ दिवसांत. दवाखान्याचा माहितीचा फॉर्म बहुतेक केस पेपरवरून भरतात, म्हणून आईच्या रकान्यात नणंदेचं नाव पडतं. फॉर्म पुढे जायच्या आत कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत नोंदी करणाऱ्या माणसाच्या हातात द्या आणि भरलेला फॉर्म स्वतः वाचा.

वकील, कराड

सोनं आणि जमीन, दोन्ही नको. पैसे असोत की वस्तू, सरोगसीचा मोबदला म्हणून दिलेलं काहीही व्यापारी सरोगसीत मोडतं. व्यापारी सरोगसीचा मार्ग धरणाऱ्या जोडप्याला पहिल्या गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. दवाखान्याचा खर्च, विमा आणि नियमात बसणारे इतर खर्च तेवढे करा, आणि पावत्या जपून ठेवा. वडिलांच्या जमिनीत मुलीचा जो हक्क आहे तो तिचाच आहे, पण त्याची वाटणी आणि सरोगसी यांची एका कागदावर गाठ पडू देऊ नका. उलट बाजूनेही सांगतो, याच धामधुमीत बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच काढून टाका.