व्हॉट्सॲपशिवाय धंदा: बेळगावात जमेल का? (तिघांची चर्चा, बोलणाऱ्याचं टोपणनाव वर)

वडगाव-माग
शहापूर-वडगावच्या मागवाल्यांच्या ऑर्डरी आज व्हॉट्सॲपवरच येतात. पण ही सोय कंपन्यांनी शोधलेली नाही, त्यांनी तिला कुंपण घातलं. 1988 मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेननं आयआरसी ही इंटरनेटवर गप्पा मारायची प्रणाली लिहिली. सर्व्हर कुणीही चालवू शकत होतं. पुढे 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मेसेंजरवरून एओएल या दुसऱ्या कंपनीच्या मेसेंजरवरच्या लोकांशी बोलता यायला लागलं, तर एओएलनं ती वाट पुन्हा पुन्हा बंद पाडली.

उद्यमबाग
कुंपणाचं खापर किती फोडणार? जॅबर ही मेसेज पाठवायची पद्धत 1999 पासून खुलीच होती, 2004 मध्ये एक्सएमपीपी नावानं ती प्रमाण झाली. अडलं ते मोबाईलवर. सर्व्हरशी जोडणी सतत चालू लागायची, नेटवर्क बदललं की तुटायची, मधले मेसेज गळायचे, बॅटरी संपायची. व्हॉट्सॲपनं फोन नंबर हीच ओळख केली. फाउंड्रीतल्या माणसाला पासवर्ड नको होता. 2016 मध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शनही, म्हणजे मधल्या कुणाला मेसेज वाचता येऊ नये अशी सोय, सगळ्यांना मिळालं.

वडगाव-माग
अहो, व्हॉट्सॲप उभं राहिलं तेच एक्सएमपीपीत फेरफार करून! गूगलचं चॅट, गूगल टॉक, 2006 पासून एक्सएमपीपीवरून बाहेरच्या सर्व्हरांशी बोलायचं. 2013 मध्ये त्याच्या जागी गूगलचंच हँगआउट्स आलं, त्यात ती सोयच ठेवली नाही. आणि एन्क्रिप्शन मजकुराला आहे. कोण कुणाशी कधी बोललं, ते कंपनीला कळतंच.

खानापूर रोड
मग करायचं काय, ते बोला की ओ. 1 जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरवर प्रोसोडी हे एक्सएमपीपीचं सर्व्हर सॉफ्टवेअर आरामात चालतं. पोर्ट म्हणजे सर्व्हरचे दरवाजे: 5222 फोनसाठी, 5269 दुसऱ्या सर्व्हरांसाठी. 5269 बंद राहिलं तर आपापसात मेसेज जातात, बाहेरचे अडकतात, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही. लेट्स एन्क्रिप्टचं, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारं, प्रमाणपत्र बदललं की प्रोसोडीला ते परत वाचायला लावा, नाहीतर जुनं संपल्यावर सगळ्यांचे फोन एकदम तुटतात. फोनवर कॉन्व्हर्सेशन्स हे एक्सएमपीपीचं ॲप टाका आणि त्याच्यापुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. ओमेमो हे एक्सएमपीपीवरचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन वापरलं तर नव्या फोनवर जुने मेसेज उलगडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवा.

उद्यमबाग
एवढं सगळं पुण्याच्या गिऱ्हाइकाला कोण सांगणार? तो दुसऱ्या दुकानात जाईल. युरोपात मार्च 2024 पासून डिजिटल मार्केट्स कायद्यानं व्हॉट्सॲपवर दुसऱ्या मेसेजिंग ॲपांसाठी दार उघडायचं बंधन आलं. आपल्याकडेही तसाच कायदा हवा. पोर्ट उघडून हे सुटत नाही.

वडगाव-माग
कायदा हवाच, त्यात दुमत नाही. पण तोवर ऑर्डरींचा पुरावा एका कंपनीच्या खात्यावर ठेवू नका. दर महिन्याला चॅट एक्सपोर्ट करा. मीडियासह घेतलं तर शेवटचे 10,000 मेसेजच येतात, मीडियाशिवाय 40,000. आणि साडीच्या काठाचा नमुना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान होतो, जरीची वीण पुसते आणि माग भलत्याच नमुन्यावर लागतो.