चवथीला मडगावी : सव्वादोन वर्षांच्या मुलासाठी घरचे खेळ

विषय : चवथीला मडगावी, मुलासाठी घरचे खेळ

नमस्कार मंडळी,

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दहा दिवस आधी मडगावी आजोळी पोचतोय. मुलगा सव्वादोन वर्षांचा. इथे मेलबर्नला त्याच्या पाळणाघरात दर आठवड्याला एक विषय धरून खेळ घेतात. तसंच काही आजोळच्या घरात करता येईल का? बाहेर पाऊस, घरात चवथीची घाई, म्हणजे जे काही करायचं ते ओट्यावर नाहीतर सोप्यात.

गणपतीच्या चित्रांची छापील पानं, रंगीत तांदूळ आणि पाण्यात टाकले की फुगणारे मणी बॅगेत टाकायचा विचार आहे. आणखी काय आणू?

– मेलबर्नहून

—

उत्तर : चवथीला मडगावी, मुलासाठी घरचे खेळ

सप्रेम नमस्कार,

काही आणू नका. फुगणारे मणी तर अजिबात नकोत. गिळले तर ते आतड्यात फुगत राहतात आणि वाट अडवतात, शिवाय क्ष-किरण चित्रात बहुधा दिसतही नाहीत. तसाच बुळबुळीत स्पर्श हवा असेल तर सब्जा घ्या. एक चमचा सब्जा पेलाभर पाण्यात वीस मिनिटं पूर्ण भिजू द्यायचा आणि मग परातीत ओतायचा. कोरडा सब्जा मात्र मुलाच्या हाती लागता कामा नये, कारण तो घशातच फुगू शकतो.

रंगीत तांदूळ कोरड्या हवेत ठीक. भाद्रपदातल्या गोव्यात ते पंख्याखाली वाळत नाहीत, दोन दिवसांत कुबट वास येतो आणि रंग हाताला लागतो. छापील पानांबद्दल एवढंच सांगते की सव्वादोन वर्षांच्या मुलाला रेषेच्या आत रंग भरता येत नाही, म्हणून ती पानं शेवटी आईच रंगवते.

विषय शोधायची गरजच नाही, तो तुमच्या सासरी छताला टांगलेला असणार. ‘माटोळी’ घ्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगलेली चौकट. पण विषय घ्यायचा म्हणजे घरभर त्याची सजावट करायची नव्हे. सहा वस्तू निवडायच्या, आठवडाभर त्याच ठेवायच्या आणि रोज त्यांचं काम बदलायचं. या वयाच्या मुलाला रोज नवी वस्तू दिली तर तो ती हाताळतो नि टाकतो. तीच वस्तू पाचव्यांदा हाती आली की तो तिच्याशी काहीतरी वेगळं करून बघतो.

माझ्या सहा वस्तू अशा : सोललेला नारळ, काकडी, दोडका, भेंड्या, केळ्यांची छोटी फणी आणि चिबूड. सालीचा गुळगुळीतपणा, दोडक्याच्या कडा, भेंडीची लव, नारळाची शेंडी, प्रत्येकाचा स्पर्श वेगळा. वजनंही वेगळी. सोललेला नारळ साधारण अर्धा-पाऊण किलोचा, दोन वर्षांचं मूल तो दोन्ही हातांनी उचलतं. असोला नारळ देऊ नका, पायावर पडला तर बोट चेचतं.

पहिल्या दिवशी फक्त वाहतूक. सोप्याच्या एका टोकाला टोपली, दुसऱ्या टोकाला सूप, आणि एकेक वस्तू इकडून तिकडे नेऊन ठेवायची. खेळ म्हणून मोठ्यांना यात काही दिसत नाही, पण मुलं हेच सगळ्यात जास्त वेळ करतात.

दुसऱ्या दिवशी धुणं. परातीत चार बोटं पाणी, एक मऊ ब्रश, पुसायला पंचा. तरंगतं की बुडतं तेही याच पाण्यात बघून घ्यायचं, फक्त परातीऐवजी टब घ्यावा लागेल. काकडी, भेंडी, केळं, चिबूड तरंगतात, आणि सुका नारळही बहुधा तरंगतो, कारण आत हवा असते. बुडणारं एखादं तरी हवं म्हणून बटाटा ठेवा, नाहीतर खेळ एकतर्फी होतो. मूल टबाजवळ असताना हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवंच. एवढ्याशा पाण्यातही जीव जातो. खेळ संपला की टब लगेच पालथा घाला, डासांसाठीही.

तिसऱ्या दिवशी जोड्या. इथे बहुतेक जण चुकतात, थेट चित्राची कार्डं काढतात. आधी वस्तूला वस्तू जोडायची, भेंडीशेजारी भेंडी, काकडीशेजारी काकडी. ते सहज जमलं की वस्तूला तिचा फोटो. फोटो त्याच काकडीचा, त्याच सुपात ठेवून, मोबाइलवर काढून हातभर लांबून दिसेल एवढा छापलेला. रेखाचित्र त्याच्याही नंतर, आणि या आठवड्यात ते नाही आलं तरी चालेल. एका वेळी दोनच प्रकार समोर ठेवा. सहाही मांडले की मूल सगळे टोपलीत ओतून मोकळं होतं.

आणि “हे काय आहे? रंग कुठला?” असं विचारत बसू नका. काम सांगा. “दोडका दे आजीला.” “नारळ हलव, आत पाणी वाजतंय का बघ.” पाच-सात मिनिटांत उठून गेला तर जाऊ द्या, वस्तू तिथेच ठेवा. परत येतो.

– पर्वरी, बालवाडीची ताई

—

उत्तर : उत्तर : चवथीला मडगावी, मुलासाठी घरचे खेळ

नमस्कार,

ताईंचं सगळं पटलं, पण खऱ्या माटोळीबद्दल एक खबरदारी राहिली. माटोळीत फळभाज्यांबरोबर रानातलंही बरंच असतं, आणि सगळंच खाण्याजोगं नसतं. कवंडाळाची लालभडक फळं हातात घ्यावीशी वाटतात, पण तोंडात जाता कामा नयेत. कळलावीची फुलं कुणी कुणी टांगतात, त्या वेलीचा प्रत्येक भाग विषारी असतो, कंद तर सगळ्यात जास्त. गुंजा सुंदर दिसतात, पण चावलेली एक गुंजही लहान मुलाला घातक ठरू शकते. टांगलेलं उंचावर असतं खरं, पण तीन-चार दिवसांनी देठ सुकले की फळं खाली पडू लागतात. रोज सकाळी माटोळीखालची जमीन बघून घ्यायची. तोंडात काही गेल्याची शंका आली तर उलटी करवू नका, उरलेलं फळ सोबत घ्या आणि १०८ ला फोन करा.

सुपारीचा शिपटा, म्हणजे घड, टांगलेला शोभतो, मुलाच्या टोपलीत नको. सोपी कसोटी सांगतो. टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायचं नाही. अख्खी भेंडी नळीतून जाते, म्हणून ती द्यायची तर शेजारी बसून. चिरलेले गोल तुकडे मात्र अजिबात नाहीत.

आता टांगण्याचा खेळ, माटोळी म्हटल्यावर तो हवाच. खऱ्या माटोळीला केवणीच्या सालीचे दोर वापरतात. ते खरखरीत असतात आणि गाठ मोठ्यांनाच मारता येते. मुलासाठी असं करा. दोन फूट लांबीची बांबूची काठी खिडकीच्या गजांना दोन्ही टोकांनी पक्की बांधा, जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर, म्हणजे त्याच्या छातीच्या जरा वर. दोन खुर्च्यांमध्ये बांधू नका, ओढली की खुर्ची अंगावर येते. काठीवर भांडी अडकवायचे इंग्रजी एस आकाराचे जाड आकडे पाच-सहा, टोकं गोल असलेले. प्रत्येक भाजीला सुती नाडीचं कडं आधीच बांधून ठेवा, कडं चार बोटं रुंद. मुलाचं काम एवढंच की कडं आकड्यात अडकवायचं.

पहिल्या प्रयत्नात हमखास बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, कडं लहान केलं जातं, मग ते आकड्यात जात नाही आणि मूल भाजी फेकतं. दुसरं, दोडका एकाच जागी बांधला की तो फिरतो नि निसटतो. दोन टोकांना दोन गाठी मारून वर एकच कडं करायचं. नारळ आणि चिबूड टांगायला देऊच नका, काठी पेलत असली तरी. कपड्यांचे चिमटे चालतील असं वाटतं, पण त्यांची स्प्रिंग दाबायला या वयात बोटांत जोर नसतो. आणि कुठलीही मोकळी नाडी एका वितीपेक्षा लांब ठेवायची नाही, गळ्याभोवती जाते. खेळ झाला की काठी सोडून ठेवा.

बाजार करायचा तर मडगावलाही चवथीआधी माटोळीचं सामान भरपूर येतं, पण आदल्या दिवशीच्या गर्दीत मुलाला नेऊ नका. तीन-चार दिवस आधी सकाळी आठच्या आत जा. त्याच्या हातात त्याची पिशवी द्या, त्यात दोनच वस्तू घाला.

– म्हापसा

—

उत्तर : उत्तर : उत्तर : चवथीला मडगावी, मुलासाठी घरचे खेळ

मंडळी, खेळायच्या मातीचं कोणीच बोललं नाही! मैदा आणि मिठाची माती सगळे सुचवतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फसते, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं. सकाळी छान असलेला गोळा संध्याकाळी घाम आल्यासारखा चिकट होतो. शिवाय त्यात इतकं मीठ असतं की मुलाने मूठभर खाल्ली तर प्रकरण गंभीर होतं.

चवथीच्या घरात उत्तम माती आयतीच असते, मोदकांची उकड. एक वाटी पाणी, एक चमचा तेल, चिमूटभर मीठ. खळखळून उकळलं की गॅस बंद करून एक वाटी तांदळाचं पीठ एकदम घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, पाच मिनिटं झाका. मग पाण्याचा हात लावून मळा. मळताना भेगा पडल्या तर पाणी कमी पडलंय किंवा पाणी नीट उकळलंच नव्हतं. फार चिकटली तर झाकून अजून थोडी निववा, पीठ घालू नका, गुठळ्या होतात. गोळा वरून कोमट लागला तरी आत वाफ धरून असतो, म्हणून मुलाला देण्याआधी दोन तुकडे करून आतली बाजू मनगटाला लावून बघायची. ओल्या फडक्याखाली तासभर मऊ राहते. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी आंबते. या उकडीवर दोडका लोळवला की कडांचे पट्टे उठतात, काकडीचे उठत नाहीत. सहा वस्तूंचं सहावं काम झालं.

भेंडीचे ठसे सगळेच करतात, पण मग पुसट का येतात? चिरल्यावर सुटणारी तार रंगात मिसळते. आडवी चिरा, धरायला चार बोटं देठाची बाजू ठेवा, कापलेली बाजू पुसून पंधरा-वीस मिनिटं उघडी ठेवा आणि मग वापरा. रंग थेट वाटीत नको. ताटलीत चौघडी ओलं फडकं, त्यावर दोन चमचे रंग. हळद वापरलीत तर सासूबाईंच्या चादरीपासून दूर बसा. बिटाचा रस त्यातल्या त्यात निघतो.

आणि पातोळ्या! हळदीचं पान मुलाच्या हातात चुरगळू द्या, तो वास दुसऱ्या कशाला नाही. दोन वाट्या तांदूळ चार तास भिजवून अगदी कमी पाण्यात गंधासारखे वाटायचे, पीठ पानावरून ओघळता कामा नये. एका नारळाच्या चवाला पाऊण वाटी गूळ, ओलावा जाईपर्यंत शिजवून पूर्ण गार करायचं. हे गरम गुळाचं चून, म्हणजे सारण, मुलाजवळ आणूसुद्धा नका, कातडीला चिकटून भाजतं. पानाची मधली शीर जाड असेल तर लाटणं फिरवून दाबून घ्या, नाहीतर दुमडताना पान तिथेच फाटतं. वीतभराचा तुकडा मुलाला द्या. पीठ तळहाताने पसरायचं, चून चिमटीने ठेवायचं, पान मिटायचं. त्याचा थर जाडच होणार, म्हणून त्याची पातोळी वेगळी ओळखून ठेवा. मोठ्यांच्या पंधरा मिनिटांत होतात, त्याची वीस मिनिटं वाफवा.

– फोंडा, एक आजी

—

उत्तर : चवथीला मडगावी, मुलासाठी घरचे खेळ

सगळ्यांचे आभार. मण्यांचं पाकीट बॅगेतून काढलं. दोन शंका. आजी-आजोबा त्याच्याशी कोंकणी बोलतात, आम्ही मराठी, पाळणाघरात इंग्रजी. एकाच काकडीची तीन नावं ऐकून गोंधळेल का? आणि सुकलेल्या शेंगा, बिया, हळदीची पानं इकडे आणता येतील का?

– मेलबर्नहून

—

उत्तर : उत्तर : चवथीला मडगावी, मुलासाठी घरचे खेळ

गोंधळत नाही. आजी ‘तवशें’ म्हणू दे, तुम्ही ‘काकडी’ म्हणा, तो हळूहळू माणसागणिक शब्द लावतो. दुरुस्त मात्र करू नका. तो तुमच्याकडे बघून ‘नाल्ल’ म्हणाला तर “हो, नारळ, जड आहे ना?” एवढंच. आजीला सांगा, मुलासाठी मराठीत बोलायची मेहनत घेऊ नका. अडखळत बोललेल्या शब्दापेक्षा सहज बोललेलं वाक्य मुलाला जास्त देतं, त्यात “धर, सांबाळ, पडटलें” सगळं आपसूक येतं.

तेऱ्याची, म्हणजे रानअळूची, पानं कुणी सुचवली नाहीत म्हणून जाता जाता. परसात उगवलेल्या तेऱ्याच्या पानावर चमच्याने पाणी ओतायचं, ते न भिजवता पाऱ्यासारखं घरंगळतं. पान तोडू नका, देठाच्या चिकाने हात आणि तोंड खाजतं.

– पर्वरी, बालवाडीची ताई

—

उत्तर : उत्तर : चवथीला मडगावी, मुलासाठी घरचे खेळ

पानं, बिया, सुकलेल्या शेंगा आणायचा विचार सोडा. ऑस्ट्रेलियात विमानतळावर झाडपाल्याची प्रत्येक वस्तू जाहीर करून दाखवावी लागते. ताजी पानं-फळं आणि बहुतेक बिया तिथेच काढून घेतात, आणि लपवलं तर दंड. त्यापेक्षा निघायच्या आदल्या दिवशी त्या सहा वस्तूंचे फोटो त्याच सुपात ठेवून परत काढा, आजी-आजोबांचा हात फोटोत येऊ द्या. आजीच्या तोंडून त्यांची नावं मोबाइलवर रेकॉर्ड करा, प्रत्येक वस्तूचं एकेक वाक्य. इथे मेलबर्नला नारळ, काकडी, केळी, भेंडी सहज मिळतात, दोडका भारतीय दुकानात मिळतो. चिबूड नाही मिळाला तर खरबूज ठेवा, फोटो मात्र चिबडाचाच राहू दे. काठी आणि आकडे इथल्या हार्डवेअरच्या दुकानातून घ्या. आमच्याकडे दोन जास्तीचे आकडे आहेत, मंडळाच्या आरतीला येताना आणतो.

– मेलबर्नहूनच, मूळचा डिचोलीचा