मिनिस्टर म्हणजे सेवक, हे लॅटिन दाखवून सिद्ध होतं का?

पाटावरवंटा (धागाकर्ता)
निवडणूक आली की एक ढकलपत्र हमखास फिरतं: 'मिनिस्टर' म्हणजे सेवक, 'कँडिडेट' म्हणजे शुभ्रवस्त्रधारी आणि मत न देणारा तो 'इडियट'. लोक हसतात आणि पुढे ढकलतात. माझं म्हणणं, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात घाला. लॅटिनमध्ये 'मागिस' म्हणजे अधिक. त्यावरून 'मागिस्तेर', त्याचा मास्टर आणि आपला मास्तर. 'मिनुस' म्हणजे उणा. त्यावरून 'मिनिस्तेर', हाताखालचा माणूस. म्हणजे शब्दांच्या हिशोबात मास्तर वर आणि मंत्री खाली! रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा आपला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, खडूने पांढराफेक करून लोकांत फिरायचा, म्हणून तो 'कांदिदातुस'. ज्या पदाचं नावच 'उणा' आहे, त्याच्या गाड्यांसाठी रस्ता का अडवता, असं आठवीतल्या पोराने विचारलं तर काय बिघडलं? मतं मांडा.

खडूस_खारकर
असहमत. शब्द कुठून आला आणि आज त्याचा अर्थ काय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण तुमच्याच मैदानात खेळू. त्या पांढऱ्या टोग्यात पावित्र्य कसलं? गर्दीत उठून दिसायची ती युक्ती होती. प्रचारासाठी कपडे पांढरे करायला इ.स.पू. ४३२ मध्ये कायद्याने बंदी घातली गेली, असं रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. मतांसाठी लोकांभोवती फिरण्याला रोमन 'आंबितिओ' म्हणत. त्याचाच सख्खा भाऊ 'आंबितुस' म्हणजे निवडणुकीतली लाचलुचपत. सिसेरो कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, असताना, इ.स.पू. ६३ मध्ये, त्यासाठी दहा वर्षं हद्दपारीची शिक्षा ठरली. 'अँबिशन' त्याच घराण्यातला. मग 'ध्येय बाळगा' असं सांगणाऱ्या मास्तरांना आत टाकायचं का?

आणि मिनिस्टर सेवक, कबूल. पण कुणाचा? इंग्लंडात तो राजाचा सेवक होता. रयतेचा नव्हे.

शेवंता_वाचते
'इडियट'बद्दल. ते ढकलपत्र मला दर निवडणुकीत चार काका पाठवतात. ग्रीक 'इदिओतेस' म्हणजे खाजगी माणूस, पद नसलेला, एखाद्या विद्येत तज्ज्ञ नसलेला. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस अथेन्समधल्या साथीचं वर्णन करताना 'वैद्य असो वा सामान्य माणूस' असं म्हणतो, तिथे सामान्य माणसासाठी हाच शब्द आहे. सार्वजनिक कामात भाग न घेणाऱ्याला आम्ही निरुपयोगी समजतो, हे अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याचं प्रसिद्ध वाक्य त्याच ग्रंथात आहे, आणि गंमत म्हणजे त्यात 'इदिओतेस' नाहीच. शिवीचा अर्थ पुढे लॅटिन-फ्रेंचमधून येता येता चिकटला. मत न देणाऱ्याला शिव्या घालायच्या तर खुशाल घाला, ग्रीकांच्या खांद्यावर बंदूक कशाला?

भटक्या_भोपू
बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). 'न्यूज' म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ हेही त्याच कारखान्यातलं. नवं ते न्यूज, संपलं.

गावकूस
तुम्ही सगळे लॅटिनमध्ये अडकलात. ज्या शब्दांची जन्मतारीख सापडते, ते घ्या ना. 'बॉयकॉट' पाहा. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. पीक बुडालेलं. कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, जमीनदार १० टक्क्यांवर अडला. सप्टेंबरात एनिस गावच्या सभेत आयरिश पुढारी पार्नेल म्हणाला होता की दुसऱ्या कुळाला हुसकावून मोकळी केलेली जमीन जो घेईल त्याला मारू नका, महारोग्यासारखा एकटा पाडा. लोकांनी हा उपाय कारभाऱ्यावरच चालवला. गडी-मोलकरणी निघून गेल्या, दुकानदार माल देईना, लोहार काम करीना. शेवटी उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून पन्नास माणसं कापणीला आणली आणि त्यांच्या राखणीला फौज. काही शे पौंडांच्या पिकासाठी सुमारे दहा हजार पौंड खर्च झाला!

आता खरी गोष्ट. याला नाव काय द्यायचं? 'ऑस्ट्रसाइज' हा शब्द होताच. अथेन्सकर खापराच्या तुकड्यावर नाव खरडून माणसाला दहा वर्षं शहराबाहेर घालवत, त्यावरून आलेला. पण तो आमच्या शेतकऱ्यांना कळणार नाही, असं तिथले पाद्री फादर ओमॅली म्हणाले आणि 'बॉयकॉट करणे' सुचवलं, अशी हकिकत रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने नोंदवून ठेवली आहे. विद्वानांचा शब्द बाजूला ठेवून कुळांच्या तोंडी बसेल असा घेतला, म्हणून तो जगभर गेला. १९०५ च्या वंगभंगानंतर टिळकांच्या चळवळीतही तो स्वदेशीच्या जोडीने आलाच.

खडूस_खारकर
रोचक, पण याने माझीच बाजू भक्कम होते. आयर्लंडात तो कुळांनी जमीनदाराच्या माणसावर उगारला. आपल्याकडे वाळीत टाकणं बॉयकॉटच्या कैक पिढ्या आधीपासून आहे, आणि ते उलट्या दिशेने चालतं: पंचांकडून गरिबावर, जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्यावर. आंबेडकरांनी १९२७ मध्ये पत्र काढलं त्याचं नाव 'बहिष्कृत भारत' होतं. २०१६ मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. हत्यार एकच. कुणाच्या हातात आहे ते मेयोच्या गोष्टीतून कळत नाही.

गावकूस
नेमकं उलट. मेयोची गोष्ट माहीत असली की दोन्हींतला फरक दिसतो. नुसता 'बहिष्कार' म्हटलं की पंच आणि कुळं एकाच पंगतीत बसतात.

भटक्या_भोपू
तारखेच्या शब्दांत 'जेरीमँडर' राहिला. १८१२, अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य. गव्हर्नर एल्ब्रिज गेरीने सही केलेल्या कायद्याने मतदारसंघ असे वेडेवाकडे कापले की एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्यागत दिसला. बोस्टनच्या वर्तमानपत्राने त्याला पंख-नख्या जोडून चित्र छापलं आणि गेरी अधिक सॅलमँडर असं हे नाव दिलं. त्या साली गेरीच्या पक्षाला मतं कमी पडूनही राज्याच्या सिनेटमधल्या ४० पैकी २९ जागा मिळाल्या.
अवांतर: त्याचं आडनाव 'गेरी', शब्द मात्र सगळे 'जेरी' म्हणतात. बदनामी झाली ती झाली, वर उच्चारही चुकीचा!

पाटावरवंटा
खारकर, मिनिस्टर राजाचा सेवक होता म्हणता. ठीक. आपल्याकडे १९५० पासून राजा कोण? प्रजाच ना? मग वारसाहक्काने सेवक आमचाच. माझं म्हणणं कायम.

खडूस_खारकर
वारसाहक्क लॅटिनमधून येत नाही हो. राज्यघटनेचं कलम १६४ उघडा: मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार. रस्ता अडवला म्हणून जाब विचारायचा तर तुमच्या आमदाराकरवी त्या सभागृहात विचारता येतो. 'मिनुस' म्हटलं म्हणून कुठला हवालदार गाडी सोडणार आहे?

शेवंता_वाचते
कलम १६४ ऐकून आठवीचा वर्ग झोपेल, खडूने कपडे रंगवणारा उमेदवार ऐकून जागा होईल. आधी टोगा, मग कलम. फक्त काकांनो, 'इडियट' वगळा.