टेक्सससारख्या राज्यात मवाळ उमेदवारच द्यावा, असं मला अजूनही वाटतं

प्लेनोकर

नोव्हेंबर 2024 च्या सिनेट निवडणुकीचा निकाल लागून दोन आठवडे झाले. रिपब्लिकन टेड क्रूझ यांनी आमच्या कॉलिन ऑलरेडना साडेआठ टक्क्यांनी हरवलं आणि तेव्हापासून आमच्या ओळखीच्या डेमोक्रॅट मंडळींत एकच सूर आहे: मवाळ माणूस उभा केला, म्हणून आपटलो. मार्चच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) मी ऑलरेडनाच मत दिलं होतं. परत वेळ आली तरी त्यांनाच देईन.

इथे नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही. प्रायमरीला केंद्रावर जायचं आणि हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागायची. टेबलामागच्या बाईंनी 'कुठली देऊ?' विचारलं, मी डेमोक्रॅटिक मागितली. यादीत सॅन अँटोनियोचे राज्य-सिनेटर रोलंड गुतिएरेझही होते. युवाल्डी त्यांच्या मतदारसंघात येतं. मे 2022 मध्ये तिथल्या शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या, त्यानंतर हा माणूस बंदुकांच्या कडक कायद्यासाठी विधिमंडळात जीव तोडून भांडला. मन त्यांच्याकडे ओढत होतं. तरी मत ऑलरेडना दिलं, कारण डोळ्यासमोर आमचे शेजारी होते.

शेजारी सत्तरीचे, रविवार चुकवत नाहीत असे चर्चला जाणारे, जन्मभर रिपब्लिकन. फेब्रुवारी 2021 च्या बर्फात वीज गेली तेव्हा आमची गॅसची शेगडी काडीने पेटत होती, त्यांची विजेवरची. तीन दिवस दोन्ही घरांची खिचडी आमच्याकडे शिजली. त्याच आठवड्यात क्रूझ मेक्सिकोतल्या कॅन्कूनला समुद्रकिनारी गेले, हे त्या गृहस्थांच्या अजून डोक्यात आहे. यंदा त्यांनी वर राष्ट्राध्यक्षपदाला ट्रम्प आणि खाली सिनेटला ऑलरेड असं मत दिलं. कुंपणाशी उभं राहून त्यांनी स्वतः मला सांगितलं. (एक बटण दाबून सगळी मतं एकाच पक्षाला द्यायची सोय 2020 पासून इथे बंद झाली आहे. आता एकेका जागेला थांबून विचार करावा लागतो, हे विसरू नका.)

असे ते एकटे नाहीत. कमला हॅरिस टेक्ससमध्ये पावणेचौदा टक्क्यांनी मागे राहिल्या, ऑलरेड साडेआठने. क्रूझना ट्रम्पपेक्षा सुमारे चार लाख मतं कमी पडली, ऑलरेडना हॅरिसपेक्षा जवळपास दोन लाख जास्त. 1994 नंतर या राज्यात राज्यभराच्या मतदानातून एकही डेमोक्रॅट निवडून आलेला नाही. इथे समोरची माणसं आपल्याकडे वळवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि माझे शेजारी गुतिएरेझना काही मत देणार नव्हते.

ऑस्टिनकर

दादा, शेजाऱ्यांची गोष्ट मनाला भिडली, पण हिशेब अर्धाच मांडलात. 2018 ला याच क्रूझसमोर आपले बेटो ओरोर्क फक्त 2.6 टक्क्यांनी हरले. सव्वादोन लाखांच्याही आत! ते मवाळ होते? ट्रम्पवर महाभियोगाला आपण मत देऊ, असं ते उघड सांगत होते. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंची बाजू त्यांनी भर सभेत घेतली. आणि 254 च्या 254 काउंट्या (जिल्हे) पालथ्या घातल्या. 2014 च्या मध्यावधीत (राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यात होणाऱ्या निवडणुकीत) टेक्ससमध्ये 47 लाख मतं पडली होती, 2018 ला 83 लाख. ही माणसं कुणी शेजाऱ्याच्या कुंपणावरून उचलून आणली नव्हती, घरी बसलेली होती ती बाहेर पडली. त्या लाटेत विधानसभेच्या 12 जागा पलटल्या, आणि खुद्द ऑलरेड पहिल्यांदा काँग्रेसमध्ये (अमेरिकी संसदेत) गेले तेही त्याच लाटेवर.

आता तुमचीच मोजपट्टी 2020 ला लावा. हवाई दलाच्या माजी वैमानिक एम. जे. हेगर, मवाळ, वॉशिंग्टनच्या पक्षश्रेष्ठींचा वरदहस्त. डॅलसचे रॉइस वेस्ट यांना प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत त्यांनी थोडक्यात मागे टाकलं. नोव्हेंबरात बायडन टेक्ससमध्ये साडेपाच टक्क्यांनी हरले, हेगर साडेनऊने. वरच्या उमेदवारापेक्षाही मागे! तेव्हा कुठे गेले होते हे रिपब्लिकन शेजारी?

प्लेनोकर

हेगरचा मुद्दा मान्य, तो मला झोंबतो. पण त्यांच्यासमोर रिपब्लिकन सिनेटर कॉर्निन होते. क्रूझइतका राग त्यांच्याबद्दल लोकांना नाही. 2018 चंही तेच: त्याच दिवशी रिपब्लिकन गव्हर्नर ॲबट 13 टक्क्यांनी जिंकले. म्हणजे बेटोंच्या मतांत क्रूझवरच्या रागाचा वाटा मोठा होता. तेच बेटो 2019 मध्ये ह्यूस्टनच्या व्यासपीठावरून 'तुमच्या एआर-15 बंदुका घेणारच' म्हणाले आणि 2022 ला गव्हर्नरपदाच्या लढतीत ॲबटकडून 11 टक्क्यांनी हरले. त्याच वर्षी युवाल्डी घडलं होतं, तरीही. त्या एका वाक्याची किंमत आम्ही अजून फेडतोय.

ह्यूस्टनची आई

मला टक्केवारीत फार गती नाही. मी विचारते ते एवढंच की 'मवाळ' म्हणून नेमकं काय सोडायचं, आणि ते कुणाचं?

जानेवारीत रिपब्लिकनांनी सीमेवरून बायडनचा निषेध करणारा ठराव आणला. त्याला मत देणाऱ्या 14 डेमोक्रॅटांत ऑलरेड होते. मग क्रूझ यांनी ट्रान्सजेंडर मुलांवरून जाहिरातींचा भडिमार केला, तेव्हा ऑलरेडनी कॅमेऱ्यासमोर येऊन 'मुलींच्या खेळात मुलगे नकोत' असं सांगितलं. माझ्या लेकीच्या वर्गातलं एक मूल दर शुक्रवारी आमच्याकडे येतं. पोह्यांवर शेव जास्त घालून मागतं, आणि घरी जायची वेळ झाली की चपला घालायला उगाच वेळ लावतं. ती जाहिरात लागली तेव्हा ते सोफ्यावर बसलेलं होतं. कुणी काही बोललं नाही. मी उठून टीव्ही बंद केला.

गर्भपाताच्या हक्कावर मात्र हेच ऑलरेड ठामपणे बोलले, जाहिरातींतून बोलले, सभांतून बोलले. या राज्यात डिसेंबर 2023 मध्ये राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने एका गरोदर बाईची गर्भपाताची परवानगी रोखली आणि तिला उपचारासाठी राज्याबाहेर जावं लागलं. त्या प्रश्नावर ते हटले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणूनच तर विचारते, तिथे ताठ उभं राहता येतं तर इथे का नाही? केंटकी टेक्ससहून कितीतरी पक्कं रिपब्लिकन. तिथल्या डेमोक्रॅट अँडी बेशियरनी मार्च 2023 मध्ये ट्रान्सजेंडर मुलांविरुद्धच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला आणि नोव्हेंबरात पाच टक्क्यांनी पुन्हा गव्हर्नर झाले. त्यांची भाषा मऊ आहे, पण त्यांनी माणसं सोडलेली नाहीत.

व्हॅलीतला डॉक्टर

मी मेक्सिकोच्या सीमेजवळच्या मॅकॲलनला असतो. आमच्या शेजारच्या स्टार काउंटीने यंदा ट्रम्पना मत दिलं. 1892 नंतर पहिल्यांदाच तिथे राष्ट्राध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार पुढे गेला. जवळजवळ सगळी वस्ती मेक्सिकन वंशाची. माझ्या कित्येक रुग्णांची मुलं सीमा सुरक्षेत नोकरीला आहेत, त्यामुळे ताई, तो सीमेचा ठराव इथे कुणाला खुपला नाही. इथे ऐकू येतं ते अंड्यांचे भाव, घरभाडं आणि 'निवडणूक आली की येतात, मग दिसत नाहीत'. मवाळ-जहाल हा वाद तुमच्या डॅलस-ऑस्टिनचा.

मॉर्गनटाउनहून

वेस्ट व्हर्जिनियातून एक अनुभव. आमचे डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेले सिनेटर जो मॅंचिन यांना मी स्वतः चिक्कार शिव्या घातल्या आहेत. 2021 मध्ये त्यांनी बायडनची मोठी योजना अडवली, आणि मुलांमागे दरमहा मिळणारे पैसे त्या डिसेंबरनंतर बंद झाले. आमच्या गल्लीत दोन घरांना ते लगेच जाणवलं. पण ज्या राज्यात 2016 ला ट्रम्प 42 टक्क्यांनी जिंकले, तिथे हा माणूस 2018 ला तीन टक्क्यांनी निवडून आला. ऑगस्ट 2022 मध्ये सिनेटमधला मोठा कायदा 51 विरुद्ध 50 ने पास झाला. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यावरच्या वृद्धांना महिन्याचं इन्सुलिन 35 डॉलरला मिळू लागलं, ते त्याच कायद्यामुळे. मॅंचिन नसते तर ते मत नव्हतं. यंदा ते उभे राहिले नाहीत आणि आमची जागा चाळीस टक्क्यांच्या फरकाने गेली.

ऑस्टिनकर

मॅंचिन तिथल्याच मातीतले, आधी गव्हर्नर राहिलेले, लोक त्यांना नावाने ओळखत होते. श्रेष्ठींनी साच्यातून काढलेला मवाळ वेगळा. 2020 ला केंटकीत एमी मॅग्रा यांनी नऊ कोटी डॉलरहून जास्त उभे केले आणि रिपब्लिकन मॅककॉनेलकडून साडेएकोणीस टक्क्यांनी हरल्या. प्रायमरीत त्यांच्याहून जहाल असलेले चार्ल्स बुकर त्यांच्यापासून जेमतेम तीन टक्के मागे होते. ते जिंकलेच असते असं मी म्हणत नाही, 2022 ला रिपब्लिकन रँड पॉलनी त्यांनाही मोठ्या फरकाने हरवलं. पण हरायचंच असेल तर गावोगावी माणसं तरी जोडून ठेवावीत, पुढच्याला उपयोगी पडतात.

ह्यूस्टनची आई

प्लेनोकर, एक कराल? तुमच्या शेजाऱ्यांना विचारा, ऑलरेडनी ती खेळांवरची जाहिरात केली नसती तर त्यांनी मत दिलं नसतं का?

प्लेनोकर

ताई, काल विचारलं. ते अंगणातली पाचोळ्याची पोती बांधत होते. ती जाहिरात त्यांनी पाहिलेलीच नव्हती. सीमेच्या ठरावाबद्दलही काही ठाऊक नव्हतं. म्हणाले, हा पोरगा आईने एकटीने वाढवलेला, फुटबॉल खेळला, मग वकील झाला, आणि बर्फ पडलं तर पळून जाणार नाही असं वाटलं. बस, एवढंच.

माझा मूळ मुद्दा मी मागे घेत नाही, अशा माणसाला घाबरवून चालणार नाही. पण ती जाहिरात माझ्या शेजाऱ्यांसाठी गरजेची होती असं मी धरून चाललो होतो, आणि ती नव्हती. 2026 ला कॉर्निन यांच्या जागेची प्रायमरी आहे. तेव्हा इथेच परत लिहीन. तुमच्याकडे येणाऱ्या त्या मुलाला या शुक्रवारी माझ्याकडून शेव जास्त घाला.